हलक्या झोपेची मसूर

आसुआ गावच्या सान लासारो गल्लीत लाईट आली की कोणी लगेच फ्रिज लावत नाही. पोरंसोरं "आली, आली!" म्हणून ओरडून घेतात आणि बायका दारात येऊन डोन्या कासिल्दाच्या दिव्याकडे बघतात.

दिवा म्हणजे दुकानाच्या चौकटीवर टांगलेला जुन्या घाटाचा नागडा बल्ब. तो चहासारखा लाल दिसला तर लाईट अशक्त, फ्रिजची मोटर कण्हून मरणार. चुना फासल्यासारखा पांढरा दिसला तर लाईट माजलेली, फ्रिज जळणार. लोण्यासारखा पिवळा दिसला की कासिल्दा कमरेवर हात ठेवून ओरडणार, "लावा!" मग चाळीस घरांतली चाळीस बटणं खाली. नाहीतर "थांबा!", आणि चाळीस बायका दारात तशाच उभ्या. नगराध्यक्षाचं इतकं त्याच्या बायकोनेही कधी ऐकलं नसेल.

हा दिवा आणि हा शब्द, कासिल्दाची इस्टेट एवढीच. शाळा तिसरीपर्यंत. नवरा तोरिबियो रेडिओ दुरुस्त करायचा. तो गेला तेव्हा दीर म्हणाले, दुकान विकून टाक, तुला त्यातलं काय कळतंय. पंचवीस वर्षं तोरिबियोच्या शेजारी बसून ती तारा धरत होती, ते काय फक्त त्याचं तोंड बघायला? तेही बघण्यासारखं नव्हतं. तिने दिरांना कॉफी पाजली आणि दाराकडे बोट दाखवलं.

ती प्रोटेक्टर बनवायची. फ्रिज आणि भिंत यांच्यामध्ये लावायची एक डबी. आत एक फ्यूज आणि एक निळी मसूर, वर चिकटवलेला कागद: कासिल्दा. मसूर म्हणजे नखाएवढी निळी चकती. शिकलेले लोक तिला व्हॅरिस्टर म्हणतात. रोजच्या व्होल्टेजला ती झोपलेली असते. झटका आला की टक्क जागी होते आणि झटका स्वतःच्या अंगावर घेते. झटका फारच मोठा असला तर जळते, जाताना फ्यूजलाही घेऊन जाते, पण फ्रिज वाचतो. मग लोक भांडायला येतात.

"डोन्या, तुमचा प्रोटेक्टर जळला!"

"आणि फ्रिज?"

"फ्रिजला काय धाड भरलीय? थेट भिंतीत खोचला, चाललाय की."

"मग त्याच्या नावाने मेणबत्ती लावायची सोडून इथे कशाला आलीस?"

मसुरी निरनिराळ्या मिळतात, पण कासिल्दा एकच घ्यायची. पाठीवर दोनशे एकाहत्तर लिहिलेली. तोरिबियोने बाकीच्या वापरून बघितल्या होत्या, त्या या गल्लीत टिकल्या नाहीत. का टिकल्या नाहीत ते त्याने सांगितलं नाही, आणि तिने विचारलं नाही. बायको नवऱ्याला प्रत्येक गोष्ट विचारायला लागली तर संसार कधी करायचा?

असं सगळं सुरळीत चाललं असताना जावई आला.

गुड फ्रायडेच्या पवित्र आठवड्याला तीन आठवडे होते. राजधानीतल्या कंपनीने बारा इंजिनिअर घरी पाठवले, त्यात कासिल्दाचा विल्किन. दोन बॅगा, बायको योकास्ता आणि काचेच्या चौकटीतली पदवी घेऊन तो सासुरवाडीला उतरला. पदवी त्याने दुकानात टांगली, तोरिबियोच्या फोटोपेक्षा दोन बोटं वर.

"आई, त्याला जरा कामात घे ना," योकास्ता म्हणाली.

"घेतलाय की. झाडू कुठे असतो ते दाखवलंय."

त्याच महिन्यात एका दुपारी लाईटीने जोराची उसळी मारली होती आणि बावीस घरांतले प्रोटेक्टर आपलं काम करून मेले होते. बावीस नवे करायचे होते आणि पवित्र शुक्रवारच्या आत हवे होते. कारण त्या दिवशी घरोघर राजम्याची खीर. आदल्या दिवशी शिजवायची, रात्रभर फ्रिजमध्ये गार करायची, आणि शुक्रवारी वाट्या भरभरून एकमेकींकडे पाठवायच्या. जिची खीर नासली तिला वर्षभर गल्लीत नावं ठेवली जातात.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. शिवाय बाकावर पंख्याने वारा घेत निंफा बसलेली. निंफा ही कासिल्दाची कोमाद्रे. दोघी एकमेकींच्या पोरांच्या धर्ममाता, म्हणजे एकमेकींना काहीही बोलायचा दोघींना परवाना. विल्किनने मसुरींचं पाकीट उचललं.

"सासूबाई, दोनशे एकाहत्तर का हो वापरता?"

"दोनशे एकाहत्तर आहे म्हणून."

"पण हे दोनशे एकाहत्तर नाहीच. शेवटचा आकडा म्हणजे पुढे किती शून्यं द्यायची ते. सत्तावीसवर एक शून्य. दोनशे सत्तर."

एकोणीस वर्षं ती गल्लीला दोनशे एकाहत्तर सांगत आली होती. निंफाचा पंखा थांबला.

"आणि ही फार ढिली आहे," विल्किन पुढे म्हणाला. "एकशे पंच्याहत्तरपर्यंत ही झोपूनच राहणार. आपली लाईन एकशेवीसची. आपल्याला दोनशे एक हवी, ती एकशेतीसच्या वर गेलं की कान टवकारते. रखवालदार कसा, हलक्या झोपेचा हवा! हा तक्ता बघा ना. तुम्हीच वाचा."

त्याने कागद पुढे केला. बारीक अक्षरं, तीही इंग्रजी. कासिल्दाने चष्मा लावला, कागद हातभर लांब धरला, त्यावरून वरून खाली बोट फिरवलं आणि म्हणाली, "हं."

मग म्हणाली, "ही गल्ली एकशेवीसवर राहत नाही."

"मग कितीवर राहते?"

"ते दिवा सांगतो."

आता मात्र निंफा मोकळेपणाने हसली, आणि गिऱ्हाइकंही. विल्किन हसला नाही, पण त्याने कागदाकडे बोट दाखवलं, ते हसण्याहून वाईट.

या वेळी एक वाक्य बोलायला हवं होतं: बाबा, मला हे वाचता येत नाही, तू वाचून दाखव. पण चारचौघांत तसं म्हणण्यापेक्षा कासिल्दाने सोल्डरिंगची कांडी चाटली असती. "मला ठाऊकच आहे ते," ती म्हणाली. "तुझी परीक्षा घेत होते. घाल तुझी दोनशे एक."

विल्किनने बावीस डब्या केल्या. हात सफाईचा होता, डाख मोत्यासारखा गोल. हे ती मनातल्या मनात म्हणाली, तोंडाने नाही. डब्यांवर कागद चिकटला: कासिल्दा. दोन आठवडे सगळं उत्तम चाललं. विल्किन रोज सकाळी दहाला मीटर घेऊन गल्लीभर हिंडायचा, "एकशेवीस! एकशे बावीस!" असं कोंबड्यासारखं आरवायचा, आणि बायका त्याला कॉफी द्यायच्या. एकदोघी तर लाईट आल्यावर दिव्याकडे न बघता त्यालाच विचारायला लागल्या. कासिल्दाने ते पाहिलं. रात्री तिने भातात मीठ दोनदा टाकलं.

मग पवित्र शुक्रवार उजाडला.

त्या दिवशी ख्रिस्ताला क्रुसावर चढवलं, म्हणून आसुआत पानही हलत नाही. झाडू मारायचा नाही, गाणं लावायचं नाही, कपड्याला इस्त्री करायची नाही. हातोडा तर नाहीच. आज मारलेला प्रत्येक खिळा त्याच्या हातात जातो. हा नियम गल्लीत सगळ्यात जोरात कोण सांगायचं? कासिल्दाच. एकदा निंफाच्या नवऱ्याने कॅलेंडर टांगायला एक खिळा मारला तर कासिल्दा चप्पल घेऊन त्याच्यामागे कोपऱ्यापर्यंत धावली होती.

नऊ वाजता ती कॉफीचा कप घेऊन दारात आली आणि सवयीने वर बघितलं. दिवा चुन्यासारखा पांढरा.

तिने कप उंबऱ्यावर ठेवला. दर वर्षी या दिवशी तो असाच असतो. चाळीस वर्षं ती बघत आली होती. सणाचा दिवस म्हणून दिवाही जरा उजळ, आणि फ्रिज तर चालतायतच, इतकंच वाटायचं.

समोरून निंफा येत होती. मेलेला उंदीर धरावा तशी चिमटीत डबी धरून.

"कोमाद्रे, तुझा प्रोटेक्टर वारला."

"झटका आला का?"

"कसला झटका? लाईट गेली नाही, आली नाही. बसल्या बसल्या गेला बिचारा. वास घे."

वास घेईपर्यंत दुसरी डबी आली, आणि तिसरी. आतल्या मसुरी फुगून काळ्या पडलेल्या. विल्किन बनियनवरच मीटर घेऊन धावत आला, भिंतीत सुया खोचल्या आणि तसाच बसून राहिला.

"किती?" कासिल्दाने विचारलं.

"एकशे सेहेचाळीस. सासूबाई, हे शक्य नाही."

"माझ्याशी भांडू नकोस. मीटर तुझाय."

विल्किनने डोकं खाजवलं, गल्लीच्या टोकाकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला. "रविवारीसुद्धा रात्रंदिवस चालणारा बर्फाचा कारखाना बंद आहे आज. दोन्ही करवत गिरण्याही. रोज ते सगळी वीज पितात. आज प्यायला कोणी नाही, म्हणून लाईन फुगलीय. मी रोज दहाला मोजायचो... सगळं चालू असताना." तो थांबला. "एकशेतीसच्या वर जागी होणारी मसूर सकाळपासून जागीच आहे. झोपच नाही तिला. तापून तापून मरतेय."

"तुझा हलक्या झोपेचा रखवालदार," कासिल्दा म्हणाली. "दारावरून मांजर गेलं तरी उठून बसतो, आणि चोर यायच्या आत थकून मरतो."

"कोमाद्रे," निंफा म्हणाली, "रखवालदाराचं राहू दे, खिरीचं बोल. तीन घरांच्या डब्या गेल्या, उरलेल्या एकोणीस घरांतल्या मसुरी अजून फुगतायत. मी थेट भिंतीत खोचू का फ्रिज?"

"खोच. मध्ये रखवालदार नाही, एक झटका आला की जळेल, मग चारच्या मिरवणुकीत ख्रिस्तामागे तुझा फ्रिजही खांद्यावर घेऊ."

"मी बदलतो," विल्किन म्हणाला. "दोनशे सत्तरचं पाकीट आहे. एका तासात एकोणीस..." आणि त्याने सोल्डरिंगची कांडी उचलली.

"ठेव ती खाली!"

आवाज असा आला की तीन दारं उघडली.

"आज तापलेलं लोखंड हातात घेशील? माझ्या दुकानात?"

"आणि माझ्या फेर्मिनने एक खिळा मारला होता," निंफा गोड आवाजात म्हणाली. "एक. कॅलेंडरचा. त्यावर संतांचंच चित्र होतं."

कासिल्दा कैचीत सापडली होती. कांडी तापवावी तर चाळीस वर्षांचा शब्द मातीत. न तापवावी तर डब्या मरणार, खीर नासणार, आणि प्रत्येक डबीवर कागद: कासिल्दा. निंफा हे पुढल्या पवित्र शुक्रवारपर्यंत पुरवून पुरवून सांगणार. कासिल्दाने पाठ फिरवली. दारात जाऊन तिने दिव्याकडे बघितलं. पांढरा. हा लोण्यासारखा होतो कधी? रोज होतो, पण सगळ्यात छान कधी होतो? शनिवारी संध्याकाळी. शनिवारी संध्याकाळी काय असतं?

"विल्किन," ती म्हणाली, "मिरेयाच्या केसांच्या दुकानातली ती मोठी टोपडी, बायका खाली बसून केस वाळवतात ती. किती पितात?"

"एकेक हजार वॉट तरी." त्याने तिच्याकडे बघितलं, मग दिव्याकडे. "चार आहेत ना? सासूबाई! आणि प्रत्येक घरात इस्त्री..."

"आकडे नंतर लाव. आधी चप्पल घाल."

मिरेया दारातच आडवी आली. "डोन्या, आज? लोक म्हणतील, मिरेयाने शुक्रवारी केस केले."

"केस कोण करतंय? नुसती टोपडी लाव. रिकाम्या खुर्चीला पाप लागत नाही."

ज्यांच्या डब्या मेल्या होत्या त्यांच्या खिरीचे टोप शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये गेले. मग घराघरांतून निरोप गेला: इस्त्री उभी करा आणि तापत ठेवा.

"इस्त्री म्हणजे तापलेलं लोखंड नव्हे का गं?" निंफाने विचारलं.

"हातात घेऊ नकोस म्हणजे झालं. कपड्याला लागली तर काम. खिडकीत उभी असली तर शोभा."

कासिल्दा दिव्याखाली उभी राहिली, एक डोळा वर, एक गल्लीवर. विल्किन मीटर घेऊन तिच्या पायाशी.

"एकशे एक्केचाळीस."

"दिसतंय मला. मिरेया, चौथं टोपडं!"

"एकशे सदतीस."

"वरच्या आळीच्या इस्त्र्या कुठे मेल्या?"

कुठून तरी रेडिओवर बचाताचं गाणं वाजायला लागलं. "मीही मदत करतोय, डोन्या!" कोणी तरी ओरडलं.

"रेडिओ मुंगीएवढं पितो रे, मेल्या! बंद कर, नाहीतर तुलाच तापत ठेवीन!"

"एकशे एकतीस... एकशे सत्तावीस."

पण त्याआधीच ती म्हणाली होती, "पुरे." दिवा लोण्यासारखा झाला होता. विल्किनने मीटरकडे बघितलं, मग सासूकडे, आणि कॉलर नसलेल्या बनियनची कॉलर नीट केली.

दिवसभर गल्ली तशीच तापत राहिली. बाहेर ऊन, आत इस्त्र्या. लोकांना घामाने अंघोळ घडली, आणि त्या दिवशी अंघोळ केली तर मासा होतो म्हणतात तरी कोणी झालं नाही. मसूर मात्र एकही फुगली नाही.

चार वाजता ढोल वाजला आणि मिरवणूक वळणावर आली. काचेच्या पेटीत निजलेला ख्रिस्त, मागे काळ्या कपड्यांतल्या बायका, पुढे फादर आन्सेल्मो. भर उन्हात घराघरांत दिवे पेटलेले. खिडक्यांत इस्त्र्या शिपायांसारख्या उभ्या. मिरेयाच्या दुकानात चार टोपडी चार रिकाम्या खुर्च्यांवर घों घों करतायत. फादर थांबले. ढोल थांबला.

"डोन्या कासिल्दा," फादर म्हणाले, "हे काय आहे?"

सगळी गल्ली तिच्याकडे बघायला लागली. निंफाने पंखा मिटला, एक शब्द चुकायला नको म्हणून.

विल्किन पुढे झाला. "फादर, चूक माझी..."

"गप." कासिल्दाने त्याचा दंड धरून त्याला मागे ओढलं. "तुझी कशी? तुला या गल्लीत अजून नाव तरी आहे का? डबीवर माझं नाव आहे, फादर. चूक माझी."

"कसली चूक?"

"रखवालदार चुकीचा निवडला."

फादरांना त्यातलं किती कळलं देव जाणे. ते टोपड्यांकडे बघत राहिले. "कोणी केस केले?"

"नाही."

"कपड्याला इस्त्री?"

"खिडक्यांतल्या बघा, एकीखालीही कापड नाही."

"आणि खीर?"

"वाचली. आत्तापर्यंत."

फादर एक पाऊल जवळ आले. मग त्यांनी आवाज खाली आणला. "माझ्या फ्रिजचा प्रोटेक्टर... तो तुम्ही कधी दिला होता?"

"दोन आठवडे झाले."

फादर वळले आणि सेवेकऱ्याच्या कानात काही बोलले. सेवेकरी मिरवणूक सोडून चर्चच्या घराकडे धावत सुटला. "दोन्ही इस्त्र्या!" फादर मागून म्हणाले, आणि ढोल पुन्हा सुरू झाला.

शनिवारी सकाळी चर्चच्या घंटा झाल्या तशी कासिल्दाने कांडी तापवली. बावीसच्या बावीस डब्या उघडल्या, दोनशे एक काढल्या, दोनशे एकाहत्तर घातल्या. दोघं शेजारी शेजारी बसून, ती काढणार, तो डाख देणार. जो डबी घ्यायला येई तो खिरीची वाटी घेऊन येई. निंफा दोन घेऊन आली आणि खिळ्याचा विषय तिने फक्त तीनदा काढला. त्या काळ्या पडलेल्या तीन मसुरी कासिल्दाने दोऱ्यात ओवल्या आणि विल्किनच्या पदवीच्या चौकटीला लटकवल्या. पदवी आता तोरिबियोच्या फोटोपेक्षा दोन बोटं खाली होती. कोणी हलवली ते कोणी विचारलं नाही.

दिवस कलला. गिऱ्हाइकं संपली. कासिल्दा चष्मा पुसत म्हणाली, "तो कागद. त्या दिवशी दिलास तो. त्यातलं मला काही वाचता आलं नव्हतं."

"ठाऊक होतं मला," विल्किन म्हणाला.

"कसं?"

"तुम्ही आकड्यांवरून बोट फिरवत नव्हता. कारखान्याचा पत्ता होता तो. आणि फोन नंबर."

चष्मा पुसायचा थांबला. "मग तेव्हाच का नाही बोललास?"

"निंफामावशी बसल्या होत्या."

कासिल्दाने चष्मा नाकावर चढवला. मग एक वाटी पुढे सरकवली. "खा."

"सासूबाई, ही नववी."

"खा म्हणते ना. आणि मला सांग, तो शेवटचा एक म्हणजे शून्य, तर सरळ शून्य लिहायला काय होतं त्या मेल्यांना?"

तो सांगायला लागला, तेवढ्यात लाईट गेली. तो अंधूक उजेडात सांगत राहिला, ती ऐकत राहिली, एकदोनदा "हं" म्हणाली, आणि या वेळचं "हं" खरं होतं. अर्ध्या तासाने बाहेर "आली, आली!" झालं. चाळीस दारांत चाळीस बायका आल्या.

कासिल्दा उठली नाही. "जा. तू सांग."

विल्किन दारात गेला. हात सवयीने खिशातल्या मीटरकडे गेला.

"ते नको. वर बघ."

त्याने वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मागे वळून हळूच म्हणाला, "चहा वाटतोय मला. म्हणजे थांबा, ना?"

"मला काय विचारतोस? गिऱ्हाईक बाहेर उभंय."

"थांबा!" विल्किन ओरडला. आवाज मध्येच फाटला.

गल्ली एकमेकींकडे बघायला लागली. "हा कोण बोलतोय?" समोरून निंफाची हाक आली. "कासिल्दा कुठेय? कोमाद्रे, लावू का नको?"

कासिल्दाने खिरीचा घास गिळला आणि बसल्या जागेवरून, दिव्याकडे न बघता, ओरडली, "त्याने सांगितलं ना? थांब!"